आमचा बुधवारचा नाताळ

सण जवळ आला की लोकांकडे पाहुणे जमतात, आमच्याकडे वाद जमतात. वाद मिटतो आणि मागे किस्सा उरतो. हे किस्से आता इतके साठलेत की मंडळीत नवा माणूस आला, तर त्याला पवित्र शास्त्राआधी तेच सांगावे लागतात!

मंडळी म्हणजे फार मोठं काही नाही. सुरतेच्या उधन्यातली दावीदकाकांची पुढची खोली. काका मूळचे जालन्याचे, इथे लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मास्टर. जालना, नगर, नवापूर अशा ठिकाणांहून सुरतेला कामासाठी आलेली मराठी ख्रिस्ती घरं तिथे उपासनेला जमतात. मी पर्वत पाटियाहून येते. इतिहासात बी.ए. झाल्यापासून मला प्रत्येक गोष्टीचं मूळ शोधायची घाई, आणि सापडलेलं सगळ्यांना सांगायची त्याहून जास्त घाई. तरीही त्या खोलीतून मला अजून कुणी हाकललेलं नाही. देवाचे आभार मानायला मला एवढं कारण पुरतं.

*

आमचा पहिला वाद थेट रविवारचाच. सुरतेत वीज सगळ्यांना पुरावी म्हणून कारखान्यांच्या सुट्ट्या भागाभागांत वाटून दिलेल्या. काकांच्या भागाला बुधवार आला. रविवारी लूम खडखडत असतात, त्यामुळे आमची उपासना बुधवारी.

एकदा नगरकडचे एक पाळक, म्हणजे धर्मगुरू, पाहुणे म्हणून आले. हा प्रकार बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"प्रभूचा दिवस वाटेल त्या वारी पाळायचा? हे ठरवलं कुणी?"

काकांच्या पत्नी, आमच्या रूथमावशी, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "वीज बोर्डानं, साहेब!"

साहेबांनी चहा घेतला, आणि तासभर सुंदर प्रवचनही दिलं. पुढच्या खेपेला त्यांचं आधी कार्ड आलं: 'तुमचा रविवार हल्ली कोणत्या वारी असतो, ते कळवावे.'

*

थॉमस अंकल केरळचे. सुरतेजवळच्या सचिन गावात एका केमिकल फॅक्टरीत फोरमन. त्यांचं स्वतःचं चर्च लांब, म्हणून ते आमच्यात येतात; पण कॅलेंडर मात्र स्वतःचं आणतात! डिसेंबर लागला की नाताळापर्यंत त्यांचा उपास, मांस-मासे बंद.

पंच्याण्णव साली पंचवीस तारीख सोमवारी होती. कारखान्यांना सुट्टी नाही. म्हणून आम्ही नाताळ आधीच्या बुधवारी उरकला. मावशींनी मटण केलं. खोलीभर वास. अंकल ताटासमोर हात बांधून बसलेले.

"अंकल, ख्रिस्त जन्मला. जेवा ना आता!" मी म्हटलं.

"तुमच्याकडे जन्मला," अंकल शांतपणे म्हणाले. "हमारे यहाँ मंडे को होगा."

मावशींनी त्यांना वरणभात वाढला. आणि सोमवारी संध्याकाळी त्यांच्या एकट्यासाठी पुन्हा मटण शिजवलं! "एका वर्षात दोन-दोन नाताळ कामून?" अशी कुरकुर करत काका दोन्ही दिवस पोटभर जेवले.

*

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, सुट्टी मागायला काका कारखान्याच्या शेठकडे गेले. शेठ गुजराती, भला माणूस, पण हिशेबाला पक्का.

"दावीदभाई, गये वरसे तो अलग तारीख हती! तुझा देव दरवर्षी वेगळ्या दिवशी मरतो?"

काका घाबरले. त्यांनी कसंबसं समजावलं. वसंतात दिवस-रात्र सारखे होतात, त्यानंतरची पहिली पौर्णिमा धरायची, तिच्यापुढचा रविवार पुनरुत्थानाचा, आणि त्याच्या आधीचा शुक्रवार हा.

शेठ एकदम सैलावले. "अरे, पूनम! तो सीधुं बोल ने!" त्यांनी भिंतीवरचं पंचांग काढलं, बोट फिरवलं, आणि सुट्टी दिली.

पुढच्या वर्षी काका विसरलेले. शेठनेच हाक मारली, "दावीदभाई, पूनम आवी. रजा नथी जोईती?"

*

मग शहाण्णवच्या पावसाळ्यानंतर काकांना स्टेशनवर कुणीतरी एक पत्रक दिलं. त्यात छापलेलं, की पंचवीस डिसेंबर ही मुळात रोमी लोकांची सूर्याच्या सणाची तारीख. काकांची झोप उडाली. त्यांनी भर उपासनेत मला उभं केलं.

"पोरी, तू शिकलेली. हे खरं का?"

मला कुणी विचारायचीच खोटी! मी म्हटलं, काही अभ्यासक तसं म्हणतात. दुसरे म्हणतात, मरियेला देवदूताचा निरोप पंचवीस मार्चला मिळाला असं धरून पुढे नऊ महिने मोजले. शास्त्रात तारीख नाही.

"म्हणजे नक्की काय?"

"नक्की कुणालाच माहीत नाही."

"मग या घरात यंदापासून नाताळ नाही!"

मावशींनी मला हळूच विचारलं, "रोमी लोक करंज्या करायचे का गं?"

"नाही, मावशी."

"मग करंज्या चालतील."

"करंज्या दिवाळीच्या!" काका ओरडले. "त्या तर आधी बंद!"

"आणि तुमचा बुधवार? तो शास्त्रात कुठे लिहिलाय?"

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. भांडी घासताना मला म्हणाल्या, "सुरतेला आल्यापासून नाताळात एकदाही जालन्याला जाणं झालं नाही. सगळे मिळून गातात, तेवढा एक दिवस मला माहेर असतं. तोच काढून घेतला बघ." मला तारखांचे आणखी दहा पुरावे देता आले असते. एकही उपयोगाचा नव्हता.

*

त्या वर्षी पंचवीस तारीख नेमकी बुधवारीच आली! काकांची पंचाईत. उपासना तर टाळता येईना.

"नेहमीसारखा बुधवार करायचा," त्यांनी बजावलं. "नाताळाचं नाव नाही. नाताळाचं गाणं नाही."

काकांच्या बुधवारचा नियम कडक आहे. शुभवर्तमान क्रमाने वाचायचं, एका वेळी एक अध्याय. अध्याय गाळायचा नाही, पुढेमागे करायचा नाही. आणि नंतरचं गाणं त्याच अध्यायाला धरून असलं पाहिजे. मात्र नोव्हेंबर संपता संपता मावशींचं डोकं दुखायला लागलं होतं. काकांनी वाचायला घेतलं की ठणका वाढायचा. त्यामुळे लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय झाल्यावर बरेच बुधवार वाचन पुढे ढकललं होतं. नुसती प्रार्थना करून आम्ही उठायचो.

पंचवीसला खोली गच्च भरली. थॉमस अंकलही नवा शर्ट घालून आलेले. मावशी पदर डोक्यावर घेऊन दाराशी बसल्या. आज दुखत नाही म्हणाल्या.

काकांनी खूण घातलेलं पान उघडलं. लूक, अध्याय दुसरा: येशूच्या जन्माचा.

त्यांनी मागचं-पुढचं पान उलटून पाहिलं. मग चष्मा पुसला आणि वाचू लागले. बेथलेहेम आलं. गव्हाणी आली. मेंढपाळ आले, आणि आकाशात देवदूतांची गर्दी आली. काकांनी एक ओळही गाळली नाही.

वाचन संपलं. आता अध्यायाला धरून गाणं. सगळे काकांकडे बघायला लागले. शेवटी काकांनी स्वतःच ढोलकी पुढे ओढली आणि नाताळाचं गाणं धरलं. मग काय! एकामागून एक आम्ही आवाज बसेपर्यंत गायलो. मावशींचा आवाज सगळ्यांच्या वर.

सगळं शांत झाल्यावर काका मावशींकडे वळले.

"रूथ, डोकं कसं आहे गं?"

"उतरलं बघा," मावशी म्हणाल्या. "आजच."