मधूच्या ताटातले काटे

“मायट्रल स्टेनोसिस,” अलिबागचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे हृदयातली एक झडप आखडली आहे, पुरती उघडत नाही. ओझं उचलायचं नाही, दगदग करायची नाही. मी विचारलं, मग मधूला जेवू कोण घालणार?

मधू माझा मुलगा, तेव्हा ऐन विशीतला. त्याला ‘मेंटल डेफिशियन्सी’ आहे, म्हणजे बुद्धीची वाढ लहानपणीच खुंटली आहे, हे त्याच डॉक्टरांनी फार पूर्वी सांगितलं होतं. त्यावर औषध नाही. ह्यांच्या माघारी श्रीवर्धनच्या घरात मी आणि तो, दोघंच. माशाचे काटे काढून घास मीच त्याच्या तोंडात द्यायची. माझं काही बरंवाईट झालं तर हा ताटासमोर नुसता बसून राहील, याची मला धास्ती होती. झडपेची एवढी नव्हती.

डॉक्टरांनीच सुमतीबाईंचं घर सुचवलं. मुंबईच्या इस्पितळातली नोकरी सोडून आलेल्या या नर्सबाई माडांच्या एका वाडीत अशा पाच-सहा जणांना सांभाळत. मधूला तिथं ठेवलं आणि काही आठवड्यांनी बघायला गेले. खरं तर परत आणायलाच गेले होते. त्याच्या कपड्यांसाठी रिकामी पिशवीही घेतली होती.

मी जातीची चौकस. हे म्हणायचे, हिच्या आधी हिचं नाक घरात शिरतं. मी उशा हुंगल्या, पाण्याच्या हंड्यात डोकावले, मधूची नखं पाहिली, कानामागून बोट फिरवलं. सगळं स्वच्छ. मी थोडी हिरमुसलेच. मग दिसलं, त्याच्या सदऱ्याचं एक बटण भलत्याच काजात होतं. आमच्याकडे असं कधी झालं नाही, असं मी ठसक्यात सुनावलं. सुमतीबाई शांतपणे म्हणाल्या, तुमच्याकडे बटणं तुम्ही लावत होतात.

मग त्यांनी आपण होऊन सांगितलं, “मागे एकदा याच्या घशात काटा अडकला होता. भाताचा गोळा गिळायला लावला, तेव्हा गेला. मी शेजारीच बसले होते.”

पिशवी उचलून मी त्याच्या खोलीकडे निघाले. पण दारातच थांबले. मधूला तर काय घडलं ते धड सांगता येत नाही. या बाईंनी ही गोष्ट पोटात ठेवली असती तर मला कळणार कुठून? आणि काटा अडकला, म्हणजे काटे काढतं कोण?

मी तेच विचारलं. त्या म्हणाल्या, जेवायला थांबा.

स्वयंपाकाच्या काशीने सगळ्यांना बांगड्याचं कालवण वाढलं. मधूच्या ताटात काट्यासकट अख्खा तुकडा होता. माझा हात सवयीने तिकडे गेला.

“बाय, हात मागं घे,” काशी म्हणाली. “त्याला येतंय.”

मधूने अंगठ्याने मासा उकलला. जीभ दातांत धरून मधला काटा ओढला, उजेडाकडे धरून पाहिला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मग बारीक काटे चाचपू लागला. निम्मा मासा काट्यांबरोबरच गेला. इतरांची जेवणं झाली तरी कोणी त्याला घाई केली नाही. सुमतीबाई तेवढ्या त्याच्या शेजारून हलल्या नाहीत.

ज्यांच्या घरी असं लेकरू आहे त्यांना सांगते, असं घर पाहायला गेलात तर उशा खुशाल हुंगा. पण इथं आजवर काय चुकलं, हेही विचारा. काहीच नाही, असं उत्तर आलं तर लेकराला घेऊन निघा.

मी त्याच्याकडेच बघत बसले होते, म्हणून काशीने माझ्या ताटात कालवण पुन्हा गरम करून वाढलं. मधूने माझं ताट माझ्याकडे सरकवलं.

“आई, जेव.”

मी घास घेतला. मधू झाल्यापासून आधी त्याला भरवायचं आणि मग गार झालेलं आपण खायचं, एवढंच मला ठाऊक होतं. त्या दिवशी माझ्या ताटातलं कालवण गरम होतं. मला रडू आवरेना, आणि पिशवी मी रिकामीच घरी आणली.