बोटीच्या सीटांचा वास

वासावर माझी भाकरी आहे. दिंडोरीकडच्या एका वाइनरीच्या लॅबमध्ये मी काम करते आणि टाकीतला माल बिघडायला लागला की ते आधी माझ्या नाकाला कळतं, मग मशीनला. त्यासाठी बी.एस्सी. केलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. माझ्या नाकावर कंपनी टाक्याच्या टाक्या ओतून देते. घरात मात्र त्याला कुणी विचारत नाही.

आप्पा, म्हणजे माझे वडील, धरणाच्या पाण्यावर बोट चालवतात. आधी मासे धरायचे, आता माणसं फिरवतात. बोटवाल्यांची तिथं कमिटी आहे. प्रत्येक बोटीला नंबर, आणि गिऱ्हाईक आलं की नंबरानं बोट सुटते. आप्पांचा नंबर तिसरा. गेल्या हिवाळ्यात कमिटीनं ठरवलं की शनिवारी सगळ्या बोटी तपासायच्या. ज्याच्या सीटा फाटक्या, त्याचा नंबर शेवटी. शेवटच्या नंबरवाल्याला सुट्टीचा दिवस सोडला तर गिऱ्हाईक मिळत नाही. तो धक्क्यावर उभा राहून दुसऱ्यांच्या बोटी ढकलतो. या वयात आप्पांवर ती वेळ येऊ नये म्हणून मी रजा टाकली. बाहेरून सीटा करून घेणं आम्हाला झेपणारं नव्हतं, तेव्हा घरीच करायचं ठरलं.

जुन्या सीटा अंगणात आणून उसवल्या. रेक्झिनचं पहिलं टोक उचकटलं तसं आतून काळं पाणी गळालं. मग गुटख्याच्या पुड्या, शेंगांची टरफलं, केसांचे पुंजके, लहान मुलाचा मोजा, आणि एका सीटच्या पोटात उंदराचं घर, वाळून चामडं झालेल्या पिल्लांसकट. प्लायवूड बोटानं दाबलं तर बोट आत जायचं. लोक नाशकात येतात, रामाला हात जोडतात, आणि संध्याकाळी आमच्या बोटीत बसून सीटच्या फटीत पिचकारी मारतात.

आईनं नाकाला पदर लावला. "हे सगळं लोकांच्या बुडाखाली होतं व्हय?"

"बुडाला नाक नसतं," आप्पा म्हणाले.

मी नवीन प्लाय मापानं कापलं, खालून पाणी निघायला भोकं पाडली, कडा रंगवल्या. फोम आणायला आप्पा पंचवटीत गेले. पाणी न पिणारा फोम आणा, असं मी चारदा बजावलं होतं. त्यांनी स्कूटरवर दोरीनं बांधून आणली ती एक जुनी गादी. खोळ काढलेली, नुसता पिवळा फोम.

"चांगला जाड हाय बघ. चारी सीटा निघतील, वर तुकडा उरंल."

मी वाकून नाक लावलं. वर फिनेल होतं. त्याखाली अंगाला लावायची पावडर, त्याखाली मूत. आणि सगळ्यांच्या तळाशी गोडसर, जखमेसारखं काहीतरी.

"आप्पा, याला वास मारतोय."

"उन्हात टाक, जाईल."

"उन्हानं जाणारा नाही हा. आत मुरलाय."

"तुला लोकांच्या दारूतबी वास येतो. त्याचाच तर पगार घेती तू." आणि त्यांनी हॅक्सॉचं पान घेऊन फोम कापायला सुरुवात केली. बोटीच्या कडेला बसावा म्हणून प्रत्येक तुकड्याचा एक कोपरा तिरका छाटला. हात सफाईदार आहे त्यांचा, ते कबूल. दुपारपर्यंत चार तुकडे झाले. शनिवार उद्यावर आला होता, म्हणून मी तोंडानं श्वास घेत एकावर रेक्झिन ताणलं आणि पिना मारल्या. मारताना प्रत्येक दाबाला फोममधून तो वास फुस्स करून तोंडावर यायचा.

तेवढ्यात शेजारची चुलती आली. तयार सीटवर ऐसपैस बसली, दोनदा हलून पाहिलं. "मऊ हाय लय. कुठून आणली, भाऊजी?"

"पंचवटीतून. घाटाच्या मागं तो भंगारवाला नाय का."

चुलती उठली. लुगडं झटकलं. "अवो, तो तर घाटावरचं उचलतो. दहाव्याला लोक मयताची गादी टाकून जातात, ती."

आप्पांचा हात थांबला. ते उठले, कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. "हे बोटीत नाय लागायचं," म्हणाले.

"सकाळपासून मी दुसरं काय सांगतेय?"

"तू वासाचं सांगत होती."

मला चीड कशाची आली ते सांगते. माझी पदवी, माझं नाक, माझं सकाळपासूनचं सांगणं एका बाजूला; आणि कोण कुठला, नावही माहीत नसलेला मेलेला माणूस दुसऱ्या बाजूला. त्यानं एका वाक्यात जिंकलं. तेही चुलतीच्या तोंडून.

"बरं, निदान काढा तरी," मी म्हटलं. "सकाळी घंटागाडीत देऊ."

"मयताची वस्तू कचऱ्यात? गंगेत सोडतो."

आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात, आणि धरणही तिचंच. ज्या पाण्यावर सगळं नाशिक सकाळचा चहा करतं, त्यात हा मुताचा फोम सोडायचा, आणि त्याला म्हणायचं पावित्र्य.

"आप्पा, पाण्यात कचरा टाकणाऱ्याचापण नंबर जातो. इंजिनाच्या पंख्यात अडकतो म्हणून तुम्हीच ओरडता."

"हा कचरा नाय. आन् गंगा सगळं पोटात घेते."

भांडायला वेळ नव्हता. दुकानं बंद व्हायच्या आत मी शहरात गेले. पाहिजे तो फोम मागवावा लागेल, दुकानदार म्हणाला. एक पातळ शीट मिळालं, ते घेऊन आले. येईपर्यंत अंगणातले चारही तुकडे नव्हते. मी पिना मारलेलं रेक्झिनसुद्धा उसवलेलं होतं. आप्पा जेवत होते. पातळ शीट अंथरून आम्ही तिघांनी सीटा पुऱ्या केल्या.

सकाळी धक्क्यावर कमिटीचे अध्यक्ष आले. आप्पांच्याच बरोबरीचे. आमच्या बोटीत उतरले, बसले, मूठ आपटली. "कडक हाय. पण चालतंय."

आप्पांनी टोपी नीट केली. मी श्वास सोडला, आणि पाण्याकडे पाहिलं.

वारा किनाऱ्याकडे होता. चार पिवळे तुकडे एकामागून एक हलतडुलत धक्क्याला येत होते. पहिला आमच्याच बोटीला येऊन टेकला. अध्यक्षांनी तिरका कोपरा पाहिला, बोटीची कड पाहिली.

"आप्पा, माप तुमचंच दिसतंय."

"धुवायला टाकलं होतं काय?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. एकाला सोडलं तर उद्या सगळे टाकतील, म्हणाले, आणि नंबर शेवटी गेला. आप्पांनी हुज्जत घातली नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गंगेनं घेतलं नाय. त्या माणसाचं काहीतरी राहिलं असंल."

"फोम तरंगतो, आप्पा."

ते माझ्याकडे अडाणी पोरीकडे पाहावं तसं पाहत राहिले.

तुकडे बाहेर काढायला कुणी पुढं येईना. ही मयताची गादी आहे हे चुलतीमुळे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. मी गुडघाभर पाण्यात उतरले आणि ओढले. पाणी पिऊन जड झालेले, छातीशी धरावे लागले, आणि धरले की पिळून निघणारं पाणी कुर्त्यावरून खाली. आता वास सगळ्यांना आला. नाकं दाबून माणसं मागं सरली. तिकडे पहिल्या नंबरच्या बोटीला गिऱ्हाईक आलं होतं. आप्पा गेले आणि वाकून ती बोट ढकलायला लागले.

मी चौथा तुकडा काठावर टाकला. हात धुवायचे होते. समोर तेच पाणी होतं. मी हात अंगापासून लांब धरून तशीच घरी चालत गेले.