वानखेडे हवालदार मालिका बघतात

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. दुकान एकाच जागी चाळीस वर्षं उभं असलं, त्यात एक टीव्ही असला आणि टीव्हीसमोर तीन स्टुलं असली, की ते आपोआप साठत जातात. मला बोलायला वेळ लागतो. मी वाक्य जुळवेपर्यंत दुसरा कुणीतरी सांगून मोकळा होतो. म्हणून हे सगळे माझ्याकडे शिल्लक राहिले. आता लिहूनच टाकतो.

दुकान भोपाळच्या जवाहर चौकात. काम वर्दीचं. पोलीस, होमगार्ड, सिक्युरिटीवाले, बँडवाले. खाकी असो की लाल, माप मी घेतो. काजं-बटणं रईसभाई करतात. शेजारी जोशीकाकूंचं पिको-फॉलचं दुकान. त्यांचे मिस्टर पुण्याहून इंजिनियर म्हणून इकडे बदलून आले आणि इकडचेच झाले. आणि चौथे वानखेडे हवालदार, रिटायर. मूळचे अमरावतीकडचे. रोज संध्याकाळी कोटरा सुल्तानाबाद वस्तीतल्या घरून पायी निघतात आणि सातच्या आत दुकानात हजर! कारण सातला आमची मालिका लागते. त्यातले इन्स्पेक्टर भार्गव सोमवार ते शुक्रवार रोज एक खून उलगडतात.

"शनिवार-रविवार या शहरात कुणी मरत नाही. भाग्यवान आहेत लेकाचे!" हे हवालदारांचं मालिकेबद्दलचं पहिलं मत.

गेल्या दिवाळीत त्यांचा मुलगा नितीन एकटाच दुकानात आला. म्हणाला, "काका, बाबा विसरायला लागलेत. परवा गॅसवर दूध ठेवून झोपले. एकदा जरी रस्ता चुकले ना, तर मी त्यांचं एकट्यानं बाहेर पडणं बंद करणार."

मुलगा वाईट नाही. मी म्हटलं, "बरं." पण सातची बैठक गेली तर हवालदारांच्या दिवसात काय उरेल, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

*

मालिकेतली पहिली चूक मात्र हवालदारांनी नाही, मी काढली. मला चेहरे नंतर दिसतात, शिलाई आधी दिसते.

भार्गवसाहेबांच्या खांद्यावर तीन तारे. पण ताऱ्यांखाली लाल-निळी फीत नाही. मी हळूच म्हटलं, "हवालदार, फीत विसरले वाटतं."

ते उठून टीव्हीला नाक लावून उभे राहिले. मग वळून म्हणाले, "मास्टर, फीत नाही म्हणजे हा इन्स्पेक्टरच नाही. हा डीएसपी झाला! प्रमोशन मिळालं आणि साहेबाला कुणी कळवलंच नाही!"

त्या दिवसापासून भार्गव दिसले, की रईसभाई उठून म्हणायचे, "मियाँ, बधाई हो!"

*

वर्दीचं आणखी एक सांगतो. खऱ्या पोलिसाच्या डाव्या खिशाला मी आतून दुहेरी कापड लावतो. त्यात पेन असतं, डायरी असते, चष्मा असतो, कधी सुपारीची पुडी असते. वर्षाच्या आत खिसा खाली ओघळतो. भार्गवांचा खिसा सहा वर्षं झाली, इस्त्रीसकट सपाट!

"डायरी नाही, पेन नाही," हवालदार म्हणायचे. "हा लिहितो कशानं?"

"लिहितच नाहीत ते," जोशीकाकू म्हणाल्या. "लक्षात ठेवतात."

"तेच तर! घटनास्थळी पंच कुठायत? सह्या कुठायत? असा आरोपी पहिल्याच तारखेला सुटेल."

"अहो, पंच आणायचे म्हटलं तर खून दिवाळीला आणि आरोपी होळीला. आम्ही तोवर काय बघायचं?"

पंच म्हटलं की रईसभाई सुईतून मान वर काढतात. कारण त्यांची आणि हवालदारांची ओळखच तशी झाली. तीसेक वर्षांपूर्वी रईसभाई एका टपरीवर चहा प्यायला थांबले होते. मागच्या गल्लीत चोरी झालेली. वानखेडे आले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "शरीफ आदमी दिखते हो, पंच बनो." झालं! त्यानंतर रईसभाईंनी कोर्टाच्या अकरा वाऱ्या केल्या.

"चोर तीसरी पेशी में ज़मानत पे छूट गया," रईसभाई सांगतात, "ग्यारह तक अपन गए! आखिर में जज साहब मुझी से पूछने लगे, हाँ भई, तुमने क्या किया था?"

*

मालिकेची मोठी खोट म्हणजे कबुली. शेवटची सात मिनिटं राहिली की भार्गव आरोपीकडे नुसतं बघतात आणि आरोपी रडत रडत सगळं सांगून टाकतो. कशानं मारलं, का मारलं, चाकू कुठे पुरला.

जोशीकाकूंनी विचारलं, "खरंच असं होतं का हो?"

हवालदारांनी बराच विचार केला. म्हणाले, "माझ्या सगळ्या नोकरीत एकच जण आपणहून कबूल झाला."

"मग?"

"तो निर्दोष निघाला!"

*

मालिकेत एक हवालदारही आहे. जाडा, मिशीवाला. चार वर्षं त्याला नाव नव्हतं. चहा आणायचा, गाडीचं दार उघडायचं आणि "जी सर" म्हणायचं. वानखेडे बोटांवर मोजायचे.

"आज तीन वेळा जी सर. बढती दिसते!"

वरवर हसायचे, पण त्यांना ते लागत होतं. एका संध्याकाळी भार्गवांनी त्या हवालदाराला बोलावलं आणि म्हणाले, "शिवनारायण, तुम्हें क्या लगता है?"

पुढे त्या शिवनारायणनं काय सांगितलं ते आम्हाला कुणालाच आठवत नाही, कारण वानखेड्यांनी उठून रईसभाईंना, मला आणि पँटचं माप द्यायला आलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकालाही चहा पाजला. गिऱ्हाइकानं विचारलं, "किस खुशी में?"

"हमारा नाम आया है!" हवालदार म्हणाले.

*

नुसत्या चुकाच सांगितल्या तर मालिकेवर अन्याय होईल. एक भाग असा होता, की एका बाईचा तरुण मुलगा गेलेला. भार्गव ती बातमी द्यायला तिच्या घरी जातात. घरात शिरतात, टोपी काढतात आणि काही बोलत नाहीत. माठातून पाणी घेतात, तिच्या हातात पेला देतात आणि तिच्याजवळ जमिनीवर बसतात. पुरतं एक मिनिट कुणी बोलत नाही. पाठीमागे संगीतसुद्धा नाही.

आम्ही हवालदारांकडे पाहिलं. जोशीकाकू म्हणाल्या, "आज चूक नाही काढली?"

"नाही. हे बरोबर आहे." मग थांबून म्हणाले, "मी दारातूनच सांगायचो. सही घ्यायचो आणि निघायचो. पाणी द्यायचं असतं, हे कुणी सांगितलंच नाही आम्हाला."

माझं मत विचाराल तर मालिकेचं सगळं बळ त्या एका मिनिटात आहे. वर्दी चुकली, कागद चुकले, कायदा चुकला, तरी माणूस बरोबर पकडला की मालिका चालते. सहा वर्षं चालली आहे.

*

हवालदार पहिल्या दहा मिनिटांत खुनी ओळखायचे. त्यांची पद्धत सोपी. "ज्याला काम काही नाही, तरी कपडे चांगले, आणि जो विचारल्याशिवाय साहेबांना मदत करतो, तोच!" शंभरात नव्वद वेळा बरोबर. लिहिणाऱ्यांनी यावर काहीतरी करायला हवं होतं. केलं नाही.

या उन्हाळ्यात एका मंगळवारी जुनाच भाग पुन्हा लागला. विहिरीवरचा खून. आम्ही तो पाहिलेला होता आणि हवालदारांनी तेव्हा सातव्या मिनिटाला मुनीम पकडला होता. रईसभाई बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात हवालदार पुढे सरकून म्हणाले, "नवा दिसतो भाग. बघू या, बायकोवर माझा संशय आहे."

रईसभाईंची सुई काजात तशीच राहिली.

शेवटी मुनीम निघाला. हवालदारांनी मांडीवर थाप मारली. "अरे वा! फसवलं की मला! मास्टर, आता लिहायला शिकले हे लोक!" इतके खूश होते, की जाताना पायरीवरून पुन्हा वळले आणि म्हणाले, "मुनीम! कमाल आहे!"

ते गेल्यावर कितीतरी वेळ कुणी टीव्ही बंद केला नाही.

त्यानंतर जुने भाग लागले की आम्हीही पहिल्यांदा बघितल्यासारखे बघायला लागलो. मला ते जमतं, मी तसाही गप्प असतो. रईसभाई मान खाली घालून काजं करत राहतात. पण जोशीकाकू! एकदा त्या "अगंबाई!" म्हणून इतक्या जोरात दचकल्या, की हवालदार वळून बघायला लागले.

खून अजून व्हायचा होता.

*

आता शेवटचा. हा श्रावणातला.

सात वाजले आणि हवालदार आले नाहीत. मालिका सुरू झाली. जोशीकाकूंनी आवाज बंद केला. भार्गव नुसते ओठ हलवत फिरत होते. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आलो.

सव्वासातला फोन वाजला. बाईचा आवाज. "टेलर मास्टर बोल रहे हैं? शाहपुरा की तरफ के थाने से बोल रही हूँ. एक बुज़ुर्ग मिले हैं, तालाब के किनारे. कमीज़ के कॉलर में आपकी दुकान का लेबल है, नंबर उसी पर मिला."

रईसभाई स्कूटरची किल्ली घेऊन उभेच होते. "नितिन को मत बताओ, मियाँ. अपन चुपचाप ले आते हैं. किसी को पता नहीं चलेगा."

मी फोन हातात घेऊन उभा राहिलो. नितीन काय म्हणेल ते मला ठाऊक होतं. पण लेक आहे तो. मी त्याला फोन लावला.

आम्ही पोहोचलो तेव्हा टेबलामागे एक तरुण महिला हवालदार लिहीत बसली होती आणि तिच्या शेजारी वानखेडे उभे होते. हात पाठीमागे, मान ताठ. ते सांगत होते, ती लिहीत होती.

"क़द पाँच फ़ुट सात इंच. रंग गेहुँआ. बाएँ हाथ पर पुरानी चोट का निशान. पैर में चप्पल, दाहिनी टूटी हुई. लिखा?"

"जी सर," ती म्हणाली.

मग मला हळूच म्हणाली, "अंकल से नाम पूछा, तो बोले, नाम छोड़ो, पहले हुलिया लिखो. कॉलर देखने को भी इन्होंने ही कहा. बोले, लावारिस आदमी मिले तो सबसे पहले दर्ज़ी ढूँढो."

हवालदारांनी मला पाहिलं. "या मास्टर. ओळख पटवायला बोलावलंय तुम्हाला. घाई करू नका. नीट बघा आणि सांगा, ओळखता का या माणसाला?"

आणि त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

माझं वाक्य जुळायला नेहमीच वेळ लागतो. त्या दिवशी जास्त लागला. मी म्हटलं, "ओळखतो. माझे दोस्त आहेत."

ते तिच्याकडे वळले. "दोस्त मत लिखना. परिचित लिखो. दोस्त की गवाही वकील उड़ा देता है."

तेवढ्यात नितीन आला. ऑफिसच्या कपड्यांत, घामाघूम. त्यानं वडिलांचा हात धरला. "बाबा, चला घरी. आता पुरे झालं हे."

त्यांनी हात सोडवून घेतला. "आप कौन? रिश्ता बताइए."

नितीन माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बेटा."

"लिखो. बेटा." वानखेड्यांनी एक येरझार घातली. "अब सुपुर्दगी लिखो. उक्त व्यक्ति को उसके बेटे के सुपुर्द किया जाता है, इस शर्त पर, कि वह उसे सोमवार से शुक्रवार, रोज़ शाम सात बजे, जवाहर चौक, दर्ज़ी की दुकान में हाज़िर करेगा. खुद लाएगा, खुद ले जाएगा. एक दिन का भी नाग़ा नहीं होगा."

तिनं लिहिलं. मग कागद फिरवून नितीनपुढे ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं. रईसभाई दाराला टेकून छताकडे बघत होते.

नितीननं कागद वाचला. पुन्हा वाचला. मग सही केली.

हवालदारांनी तो उचलला, ट्यूबलाइटखाली धरला, सही नीट तपासली. मग कागद तिच्याकडे देऊन नितीनला म्हणाले, "ठीक है. अब ले जा सकते हो इस आदमी को."