परवानगीचा खर्च आणि दीड फूट जागा

घर बांधायचं ठरलं तेव्हा वडिलांनी खर्चाची वही केली. पायापासून रंगापर्यंत सगळं लिहिलं आणि शेवटी ‘परवानगी – दोन हजार’ अशी ओळ टाकली. ते तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर लोकांच्या कागदांवर शिक्के मारल्यामुळे कागदाला फार पैसे लागत नाहीत, अशी त्यांची समजूत होती.

आमचा प्लॉट पांढरकवड्यात, हायवेपासून जरा आत. इंजिनिअरने वही पाहिली, मिटून बाजूला ठेवली आणि स्वतःच्या कागदावर लिहायला घेतलं. छाननी शुल्क, विकास शुल्क, कामगार उपकर, त्याची स्वतःची नकाशाची फी, शिवाय पावसाचं पाणी जिरवायची सोय करू म्हणून ठेवायची अनामत. बेरीज लाखाच्या जवळ गेली.

“घर बांधायच्या आधीच?” मी विचारलं.

“हो. बांधल्यावर लागतात ते वेगळे.”

वडिलांनी चष्मा पुसून यादी वाचली. “मजूर आपण लावाचे, मजुरी आपण द्याची. मंग हा उपकर कायले?”

“त्यांच्या कल्याणासाठी.”

“पावती भेटते ना?”

“सगळ्याची भेटते.”

“मंग ठीक आहे,” म्हणून त्यांनी दोन हजार खोडले.

परवानगीला मोजणीचा नकाशाही लागत होता. तातडीच्या मोजणीची फी जास्त होती. वडिलांनी साधी भरली आणि आम्ही चार महिने थांबलो.

मोजणीच्या दिवशी शेजारच्या काकूंनी सगळ्यांना चहा दिला. त्या एकट्याच राहायच्या. मोजणीदाराने यंत्र लावलं, आकडे पाहिले, पुन्हा लावलं आणि मग विचारलं, “आतमध्ये येऊ का?” आमची हद्द काकूंच्या स्वयंपाकघरात निघाली. त्यांची भिंत आमच्या जागेत दीड फूट आली होती आणि त्यांच्या गॅसची शेगडी पूर्णपणे आमच्या मालकीच्या जमिनीवर होती. त्याने भिंतीवर लाल रंगाने खूण केली.

काकू खुणेकडे बघत राहिल्या. भिंत त्यांच्या यजमानांनी बांधलेली, आणि ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या वडिलांना म्हणाल्या, “पाडाची असन तं पाडा भाऊजी. पण पोळा होऊ द्या.”

वडील चहा संपवून घरी आले.

मला राग आला होता. गृहकर्ज माझ्या नावावर होतं, जागा आमची होती आणि आता ती कागदावर सिद्धही झाली होती. मी नोटिशीचा मसुदा लिहायला बसलो. वडील म्हणाले, “काय लिहून राह्यला? तिची शेगडी कुठं ठेवन ती? माही खोली दीड फुटानं लहान कर.”

“बाबा, त्या खोलीत मग पलंग आणि एक खुर्चीच मावेल.”

“मले कोणाची बैठक घ्याची आहे?”

मी मसुदा फाडला. पटलं म्हणून नाही. त्यांच्यापुढे नोटीस लिहिता आली नाही.

इंजिनिअरने सांगितलं की ताब्यातली जागा कागदापेक्षा कमी असेल तर तीच धरतात. त्याने नकाशा पुन्हा काढला आणि त्याची फी पुन्हा घेतली. बांधकाम कमी झाल्याने विकास शुल्क मात्र काही शे रुपयांनी उतरलं. या बचतीवर वडील आठवडाभर खूश होते.

काकूंना सांगायला ते स्वतः गेले. मी दारात उभा होतो. “वहिनी, भिंत राहू द्या. आमचा नकाशा बदलला.” काकूंनी शेगडीवर भांडं ठेवलं. मग म्हणाल्या, “दूध नासलं आज. काळा चहा चालते का?”

“चालते,” वडील म्हणाले. त्यांना काळा चहा मुळीच आवडत नाही.

परवानगी त्यानंतर दोन महिन्यांनी आली आणि घर वर्षभरात उभं राहिलं. वडिलांच्या खोलीत पलंग आहे आणि खुर्ची आहे. भेटायला दोघे आले तर दुसरा दारात उभा राहतो. खिडकीसमोर, मधली मोकळी जागा सोडली की, काकूंची भिंत लागते. तिकडे फोडणी पडली की आज भाजी कोणती ते वडिलांना कळतं, आणि ते स्वयंपाकघरात येऊन आम्हाला सांगतात.