निवडुंगाचं दूध

परवा नर्सरीत कुंडीतल्या कॅक्टसचा काटा बोटात रुतला आणि शिरड शहापूरकडचा आमचा बांध डोळ्यांपुढं उभा राहिला. शेजारच्या रानाचा मालक वसमतला बंगल्यात राहायचा आणि दर नांगरटीला आमचा बांध थोडा थोडा कोरून घ्यायचा. शेवटी आईनं उरलेल्या बांधावर निवडुंग लावला. तो कमरेएवढा वाढला तेव्हा चैत्रातल्या भर दुपारी मालक स्वतः कुऱ्हाड घेऊन आला. "असली झाडं माझ्या गच्चीवर बी हायेत, तोडली की नुसतं पाणी निघतं," म्हणाला. गच्चीवरचा कॅक्टस परमुलखातला, आमचा निवडुंग इथला. दोघांचं नातं काहीच नाही. आपापल्या उन्हात दोघांनीही पाणी साठवायला खोडं फुगवली, काटे काढले, म्हणून ते भावांसारखे दिसतात, हे मी पुढं कॉलेजात शिकलो. पण निवडुंगाचं दूध डोळे जाळतं, हे तेव्हाही माहीत होतं. "आई, सांग की त्यांला!" मी म्हणालो. "काहून सांगू?" आई म्हणाली. पहिल्याच घावाला पांढरी चिळकांडी त्याच्या डोळ्यांत गेली. "पाणी आण, बाई!" तो ओरडत खाली बसला. आई भरली घागर घेऊन गेली आणि दोन हातांवर थांबली. "आधी बांध कुठं व्हता ते दाखवा, मालक." त्यानं मिटल्या डोळ्यांनी बोट केलं, ते बराबर जुन्या बांधावरच्या बाभळीकडं, जी आता त्याच्या रानात उभी होती. मग आईनं घागर ओतली. चार दिवसांत त्याचे डोळे बरे झाले, एवढीच काय ती मला आजही रुखरुख आहे.