तिसरी शाल

आमच्या गावातली शाळा दोन बाईंची. गाव म्हणजे आयर्लंडमधल्या टिपररीतलं एक वळण, एक चर्च, एक पब आणि हर्लिंगचं, म्हणजे इथल्या काठी-चेंडूच्या खेळाचं, मैदान. नवऱ्याचा मेडिकल डिव्हाइसचा प्लांट जवळ आणि घरं परवडणारी, म्हणून आम्ही इथे येऊन पडलो. पुण्यातल्या बहिणीला शाळेचा फोटो पाठवला तर ती म्हणाली, "अगं, ही शाळा आहे की कुणाचं गॅरेज?" एका खोलीत लहान चार वर्ग, दुसऱ्या खोलीत मोठे चार, मधल्या बोळात रेनकोट अडकवायच्या खुंट्या. संपली शाळा. पण बहिणीने नावं ठेवली तेव्हा मला इतका राग आला की मी दोन आठवडे तिला फोन केला नाही.

राग यायला कारण होतं. माझी मुलगी पहिल्या वर्षी शाळेत तोंड उघडायची नाही. घरी पोपटासारखी बोलायची आणि तिथे गेली की मुकी. लहान वर्गांच्या बाईंनी तिला कधी "बोल ना गं" म्हटलं नाही. त्या इथल्याच, गावातल्याच. डब्लिनला क्लोनडॉकिनच्या मोठ्या शाळेत शिकवत होत्या, आई एकटी पडली म्हणून परत आल्या होत्या. त्यांनी मुलीला एकच काम दिलं: रोज सकाळी खिडकीतून बघायचं आणि हवा कशी आहे ते वर्गाला सांगायचं. टिपररीत या कामाला किती शब्द लागणार! बरेच दिवस ती नुसतं बोट दाखवायची. एक दिवस म्हणाली, "रेनिंग." त्यानंतर आजतागायत तिचं तोंड बंद नाही.

या बाईंची नोकरी पक्की नव्हती. इथे सरकार दर मुलामागे पैसे देतं. मुलं कमी झाली की हीटिंगच्या तेलाचे, विम्याचे, छप्पर दुरुस्तीचे पैसे कमी. सप्टेंबरच्या शेवटी मुलं मोजतात, आणि आकडा ठरलेल्या रेषेखाली गेला की पुढच्या वर्षी एक शिक्षक जातो. त्या वर्षी आम्हाला तीन मुलं कमी पडत होती. पालकांच्या मीटिंगला आम्ही थंडगार खोलीत कोट घालून बसलो होतो, कारण तेल परवडत नव्हतं. बाई एका कोपऱ्यात चहा ओतत होत्या, जणू चर्चा दुसऱ्याच कुणाबद्दल चालली आहे.

मीटिंगनंतर मुख्याध्यापिकेने, म्हणजे मोठ्या वर्गांच्या बाईंनी, आम्हा कमिटीच्या दोघी-तिघींना बोळात थांबवलं. पलीकडच्या पॅरिशमधला, म्हणजे शेजारच्या चर्चच्या हद्दीतला, एक शेतकरी आपली तीन मुलं आमच्याकडे घालायला तयार होता. त्याची आई आमच्या शाळेत शिकलेली, त्याला शाळेची माया. पण पॅरिश म्हणजे इथे साधी गोष्ट नाही. माणूस ज्या पॅरिशचा, तिथल्याच शाळेत जातो, तिथल्याच क्लबकडून हर्लिंग खेळतो आणि तिथल्याच मातीत पुरला जातो. शिवाय याचा सख्खा मेहुणा तिकडच्या शाळेच्या बोर्डाचा अध्यक्ष! तर तो आपल्या पद्धतीने, एखाद्या दिवशी गायींचं दूध काढून झाल्यावर, दोघंच असताना मेहुण्याच्या कानावर घालणार होता. तोवर कुणी बोलायचं नव्हतं. "अगदी घरीसुद्धा नाही," मुख्याध्यापिका म्हणाली, आणि तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

मी घरी आले आणि वरणभात वाढता वाढता सगळं सांगून टाकलं. आमच्या घरात "कुणाला सांगू नका हं" हे वाक्य बातमीच्या आधी म्हणायचं असतं, एवढाच त्याचा उपयोग.

तेव्हा माझे सासरे आमच्याकडे आले होते. साताऱ्याकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. पटसंख्या हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर पायी फिरून त्यांनी पोरं शाळेत आणलेली. माझी बातमी ऐकून त्यांचे डोळे चमकले. "वा! असा माणूस पायजे. त्याचा सत्कार कराय हवा."

"बाबा, अजिबात नाही," मी म्हटलं. "त्याला गुपचूप करायचंय."

"चांगलं काम गुपचूप? ते कशापायी? त्यानं काय चोरी केलीय?"

नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, ते गमतीत म्हणतायत." आणि मीही तसंच समजून भात आणायला गेले.

सासऱ्यांनी गावाहून तीन शाली आणल्या होत्या. हे मला आधीच माहीत होतं. दोन शाळेतल्या दोघी बाईंसाठी, आणि एक जादा, "कुणी निघालंच तर." नातीला शिकवणाऱ्यांना शाल-श्रीफळ दिल्याशिवाय ते परत जाणारच नव्हते. नारळ लिमरिकच्या एशियन दुकानातून आणले. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट मुख्याध्यापिकेला सांगितलं तर ती खूश झाली. म्हणाली, तेलासाठी पॅरिश हॉलमध्ये क्विझ आहे, त्यातच पाच मिनिटं करू.

क्विझला आजूबाजूच्या पॅरिशमधूनही टीम आल्या. म्हणजे मेहुणा आला. शेतकरीही आला, दाराजवळ पाठीमागे उभा राहिला. मी आणि क्लॉनमेलच्या दोन मैत्रिणी आत स्वयंपाकघरात बटाटेवडे तळत होतो. हाताला कोपरापर्यंत बेसन. खिडकीतून प्लेटा बाहेर सरकवत होते आणि कानावर माइकचा आवाज येत होता. मुख्याध्यापिकेला शाल दिली, टाळ्या. बाईंना दिली, खूप टाळ्या, कुणी तरी शिट्टीही मारली. मी मैत्रिणीला म्हटलं, "बघ, बाबांनी मैदान मारलं." आणि मग सासऱ्यांचा तो हायस्कूलचा, एकेक शब्द दगडावर ठेवल्यासारखा इंग्रजी आवाज आला. त्यांनी शेतकऱ्याला पुढे बोलावलं. तीन मुलं, मोठं मन, दुसऱ्या गावाची शाळा वाचवायला आपल्या गावाची शाळा सोडणारा थोर माणूस. सगळं. एकही गोष्ट त्यांनी वगळली नाही.

मी झारा टाकून बेसनाच्या हातांनी दरवाज्याकडे धावले. पण तिथे वड्यांसाठी रांग लागलेली, आणि मी काय ओरडणार होते? टाळ्या वाजल्या. आयरिश माणसं टाळ्या वाजवतातच. रांगेतून वाट काढून बाहेर पोचले तोवर मेहुणा कोट चढवून निघून गेला होता. शेतकरी खांद्यावर शाल आणि काखेत नारळ घेऊन माझ्या बाजूने गेला. "वडे ग्रँड होते," म्हणाला. त्याचे कान लालभडक झाले होते.

घरी जाताना गाडीत सासरे भलतेच खुशीत होते. "बघितलंस? कसा गहिवरला होता." नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. डोक्यात तिडीक गेली होती, पण त्या आनंदी चेहऱ्याला काय बोलणार? त्यांनी जे केलं ते आयुष्यभर केलेलं होतं, आणि आयुष्यभर त्याने माणसं सुखावली होती.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिकेचा फोन आला. मुलं येणार नव्हती. शेतकऱ्याने मेहुण्याला सांगायच्या आधी अख्ख्या हॉलला कळलं, आणि तेही मेहुण्याच्या तोंडावर. आता मुलं हलवली असती तर दोन घरं कायमची तुटली असती. मी माफी मागायला लागले तर ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाने चांगल्या मनाने केलं. त्यांना काही बोलू नकोस हं." तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी शांत झोपले असते.

सप्टेंबरअखेर मुलं मोजली, तीन कमी. जूनमध्ये बाईंचं काम संपलं. जवळपास जागा नव्हती, त्या परत डब्लिनला गेल्या आणि त्यांची आई इथेच राहिली. जायच्या आधी त्या आमच्या घरी आल्या, मुलीला कडेवर घेऊन खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि दोघींनी मिळून हवा बघितली. मी स्वयंपाकघरात जाऊन कपाटातून कप काढत रडले. एक बाई गेल्यावर दुसरीला आठही वर्ग झेपेनात. लोकांनी भराभर मुलं शहरातल्या शाळेत घातली. आम्हीही घातली, काय करणार? या उन्हाळ्यात शाळेला कुलूप लागलं.

सासऱ्यांना आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. ते त्या ऑक्टोबरमध्येच परत गेले होते. तिकडे निवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात त्यांनी "आयर्लंडमधील एक शाळा कशी वाचली" यावर भाषणसुद्धा केलं. दर रविवारी फोनवर विचारायचे, "शाळा काय म्हणतीय?" मी म्हणायचे, "मस्त." नवरा म्हणायचा, "जोरात." खोटं बोलायला काही वाटेनासं झालं होतं.

परवाच्या रविवारी फोन स्पीकरवर होता. त्यांनी विचारलं, मी "म" म्हणेपर्यंत मुलगी मध्येच वाकली. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलते, आणि तिचं टिपररीचं इंग्रजी आजोबांना कळत नाही, म्हणून दोघं फोनवर नुसतं हसतात. त्या दिवशी ती एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली, "आजोबा, शाळा बंद झाली. माझी बाई गेली."

पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. तो त्यांनी बंद केला.

"ती तीन पोरं?" त्यांनी विचारलं.

"आली नाहीत, बाबा."

ते विचारतील, का नाही आली, आणि मी काय उत्तर देऊ याची जुळवाजुळव करत होते. त्यांनी विचारलंच नाही.

"शाल घालताना तो मान वर करत नव्हता," ते म्हणाले. "मीच त्याची हनुवटी धरून वर केली. फोटोसाठी."