चूलबंद आमंत्रण आणि माझा पासवर्ड

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या दारावर नियमांचा कागद चिकटवलेला होता. 'आपला पासवर्ड कोणालाही सांगू नये' हा त्यातला पहिला नियम, आणि तोच आम्ही सगळ्यात आधी मोडला. बुऱ्हाणपुरात मैत्रिणीपासून काही लपवायचं म्हणजे तिला परकी ठरवायचं. माझी बुधवारा मोहल्ल्यातली मैत्रीण तर माझा डबा माझ्याआधी उघडायची. तिच्यापासून पासवर्ड लपवला असता, तर तिने आठवडाभर अबोला धरला असता.

इंटरनेट तेव्हा नवं होतं. गावाकडे, जैनाबादला, आमच्या घरी केळीचे घड होते, कॉम्प्युटर नव्हता. इंदूरला पुढच्या शिक्षणासाठी मी अर्ज केला होता आणि मुलाखतीचं बोलावणं कॉलेजच्या ईमेलवर येणार होतं. बाबा म्हणाले होते, "बोलावणं आलं तं जाय. नाही आलं तं इथंच बी.एड. कर." मला बी.एड. अजिबात करायचं नव्हतं. लॅब उघडली की मी आधी ते पत्र शोधायचे.

त्यातच मैत्रिणीच्या भावाचं लग्न निघालं. आमच्याकडे जवळच्यांना चूलबंद आमंत्रण असतं. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, दाराला कुलूप लावून सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. पत्रिका ईमेलने धाडायचं मैत्रिणीच्या डोक्यात आलं, पण बाईसाहेब स्वतःचा पासवर्ड विसरल्या होत्या. मग हक्काने माझ्या खात्यात शिरून तिने विद्यापीठाच्या यादीतल्या झाडून सगळ्या पत्त्यांवर गणपतीच्या रंगीत चित्रासकट पत्रिका धाडली.

"इतक्या लोकांना?" मी कपाळाला हात लावला.

"कोणाला सोडलं तर नाराज होतात ना यार. बाद में सुनना मला पडतं."

तो भलामोठा गणपती पत्त्यापत्त्यावर पोचवता पोचवता नेटवर्कने दिवसभर मान टाकली. दुसऱ्या दिवशी माझं खातं बंद. मैत्रीण स्वतः लॅबच्या सरांकडे गेली, 'पत्रिका मी पाठवली, हिने नाही' म्हणाली. सर बधले नाहीत. "खातं जिच्या नावावर, जबाबदारी तिची. चौकशी समिती बसेपर्यंत उघडणार नाही."

माझं डोकं फिरलं. पत्र आलं असेल, त्यातली तारीखही निघून चालली असेल, आणि मला वाचता येत नाही. मी तिच्याशी बोलणं सोडलं. लग्नालाही जाणार नव्हते, पण आई म्हणाली, "चूल तं बंद हाय. खाशील काय?"

म्हणून गेले आणि तोंड फुगवून पंगतीत बसले. मावा जिलेबीलाही नको म्हटलं, यावरून राग किती होता ते कळावं. मान वर केली तर समोरच्या रांगेत लॅबचे सर, बायको-मुलांसकट.

"पत्रिका आली ना," सर शांतपणे म्हणाले. "सहपरिवार लिहिलं होतं." मग त्यांनी माझ्या शेजारी बसलेल्या आईला विचारलं, "ताई, घराला कुलूप लावून आलात?"

"हो तं."

"किल्ली शेजारणीला दिली?"

आईचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. "शेजारीण लाख चांगली हाय सर. पर घर माझं हाय ना."

वाढायला आलेली मैत्रीण जिलेबीचं ताट घेऊन तिथेच थबकली. सरांनी आमच्या दोघींकडे एकदा पाहिलं आणि एक जिलेबी मागून घेतली. "झाली समिती, इथेच. सोमवारी या, खातं उघडून देतो. पासवर्ड मात्र नवा टाकायचा."

सोमवारी मी लॅबमध्ये पोचले तर मैत्रीण आधीच दारात उभी. मी तिला ओलांडून आत गेले. ती मागोमाग आत आली. सरांनी खातं उघडलं, मी कीबोर्डवर बोटं ठेवली, तशी ती गर्रकन वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. माझ्या डब्यातली भाजी न विचारता खाणारी ही मुलगी शिक्षा झाल्यासारखी भिंतीला नाक लावून उभी होती. माझा राग तिथेच संपला.

नवा पासवर्ड टाकला. इंदूरचं पत्र आलेलं होतं. मुलाखतीला अजून दोन दिवस होते.

"आलं का गं?" तिने भिंतीलाच विचारलं.

"आलंय. ये, वाच."

"नको. तुझी चिठ्ठी आहे, तू वाच."

ती वळलीच नाही. मग मी सगळं पत्र, खालच्या सहीसकट, तिच्या पाठीला मोठ्याने वाचून दाखवलं.